पंगतीतून शेवटी उठणारे भाऊ

आमच्या घरमालकांना भूक लागलेली मी पहिल्या अठरा वर्षांत एकदाही पाहिली नाही, कारण भूक लागायला मध्ये जो थोडा वेळ जावा लागतो तो त्यांनी कधी जाऊच दिला नाही. पांढरकवड्याहून आत सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून आलो तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली, ती अजून सुटलेली नाही. सारा गाव त्यांना भाऊ म्हणतो म्हणून मीही भाऊच म्हणतो. कापूस, तूर आणि सोयाबीनची बऱ्यापैकी शेती, एक मुलगा पुण्याला नोकरीत, आणि घरात वजनाने भाऊंच्या निम्म्याहूनही कमी भरतील अशा आमच्या वहिनी. सकाळचा चहा भाऊ फराळासोबत घेत, फराळ न्याहारीची वाट पाहता पाहता करत, आणि न्याहारी झाली की ओट्यावरून आत हाक देत, "आज जेवाले काय करून राह्यली वो?" हे विचारताना त्यांच्या आवाजात जी ओढ असे ती पाहून नवख्याला वाटावं, हा माणूस तीन दिवसांचा उपाशी आहे.

त्यांच्या डोक्यातला यवतमाळ जिल्ह्याचा नकाशाही निराळाच होता. दिग्रस म्हणजे इतरांच्या लेखी कापसाची बाजारपेठ. भाऊंच्या लेखी तिथल्या एका व्यापाऱ्याच्या घरी खाल्लेला वडाभात. पुसद म्हणजे बसस्टँडच्या बाहेरचा एक आलूबोंडेवाला, जो रस्सा तिसऱ्यांदा मागितला तरी कपाळाला आठी पाडत नाही. माणसंही त्यांना पानावरून आठवत. "कोन ते? ज्याइच्या पोरीच्या लग्नात वरण पातळ झालतं ते?" असं म्हटलं की ओळख पक्की झाली. एकदा कसल्याशा फॉर्मसाठी मला गावात रुजू झाल्याचं साल आठवेना. भाऊंनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "सरपंचाच्या घरच्या लग्नात मठ्ठा आंबट निघालता, थ्या वर्षी आले तुमी." सरपंचांकडून लग्नाचं साल विचारून घेतलं, मग ट्रंकेतून नेमणुकीचा कागद काढून ताडून पाहिला. तंतोतंत जुळलं.

पण भाऊंचं खरं राज्य पंगतीत. आमच्याकडे मारुतीच्या देवळापुढे, लग्नाच्या मांडवात अजून खाली पट्ट्या अंथरून पंगती बसतात, आणि पंगतीची रीत अशी की शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याखेरीज कुणी उठायचं नाही. हा शेवटचा माणूस कायम भाऊ. मी गावात नवा असताना हनुमान जयंतीच्या रोडग्यांच्या जेवणाला त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि शेजारी बसवलं. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे. ते पत्रावळीत कुस्करायचे, वर तूप आणि वरण, जोडीला वांग्याची झणझणीत भाजी. मी लहानपणी आई गेल्यावर नातेवाइकांच्या घरी वाढलेला माणूस. दुसऱ्यांदा वाढायला आले की पानावर आडवा हात धरायचा, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की पोटात कावळे ओरडत असले तरी हात आपसूक पुढे जाई. त्या दिवशीही गेला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लोकांचे हात वाळायला लागले, चुळबुळ सुरू झाली, तेव्हा त्यांनी एवढंच पुकारलं, "उठू नोका हो कोनी, मी जेऊन राह्यलो अजून!" आणि वाढप्याला म्हणाले, "मास्तरच्या पानात टाक एक. मले तेवढाच जोडीदार." भाऊ जेवायला बसलेले असताना दुसऱ्या कुणाचं जेवण डोळ्यांवर येणं शक्यच नव्हतं. त्यांच्या त्या डोंगराआड बसून मी तीन रोडगे खाल्ले. पोटभर जेवलो आणि त्याची लाज वाटली नाही, असा तो माझ्या आयुष्यातला पहिला दिवस.

असं जेवण अंगी लागणारच. काळी-पिवळी जीपवाले त्यांना पुढच्या सीटवर एकटं बसवत आणि मागच्या प्रवाशांना "उजवीकडे सरका हो, गाडी डावीकडे झुकून राह्यली" म्हणून विनवत. एकदा कापूस मोजायला व्यापाऱ्याने नवा इलेक्ट्रिक काटा आणला, तर भाऊ सहज गंमत म्हणून त्याच्यावर उभे राहिले. आकडा पाहिला, खाली उतरले आणि म्हणाले, "काटा खराब हाय." व्यापाऱ्याने बिचाऱ्याने दुसरा काटा आणवला. त्यावरही तोच आकडा आला तेव्हा भाऊंनी निकाल दिला, "कंपनीच खराब हाय." हसता हसता वर्षं गेली. मग मात्र गुडघे बोलायला लागले. साखर वाढली, गोठ्यापर्यंत जाऊन आले तरी धाप लागू लागली, आणि दुपारी ओट्यावर डोळा लागला की घोरता घोरता त्यांचा श्वास मध्येच असा थांबे की वहिनी हातातलं सूप टाकून धावत येत.

दोन वर्षांपूर्वीच्या हनुमान जयंतीला भाऊ पंगतीतल्या आपल्या जागेवर बसायला गेले आणि गुडघे अर्ध्यावरच अडले. ना खाली जाता येईना, ना वर. चौघांनी धरून सावरलं. कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून कडुनिंबाखाली ठेवली आणि भाऊ पंगतीपासून वेगळे, हातात पत्रावळ धरून बसले. पहिला रोडगा संपायच्या आत खुर्चीचे चारही पाय हळूहळू चार दिशांना निघाले, आणि भाऊ पत्रावळ सरळ धरून, वरणाचा थेंब न सांडता, सावकाश जमिनीवर उतरले. सगळ्यांनी हसू दाबून धरलं होतं. आधी भाऊच खो खो हसले, मग सारी पंगत हसली. पण घरी आल्यावर वहिनींनी वाढलेल्या भाकरीतली अर्धी त्यांनी परत ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर, खुर्चीवर बसून जेवते तो पाव्हना. आज मी माह्याच गावात पाव्हना झालो." भाऊंना दुखावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मलाही त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

त्यानंतर आठच दिवसांत त्यांनी वजन उतरवायचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. पोटाची पिशवी कापून लहान करतात, मग माणसाला वाटीभरही जेवण जात नाही, वर्षभरात वजन उतरतं, गुडघे मोकळे होतात, असं मुलाने फोनवर समजावून सांगितलं. पंगतीत मांडी घालून बसता यावं म्हणून पंगतीतलं जेवण कायमचं सोडायचं, असा हा सौदा होता. तो माझ्या लक्षात आला तसा त्यांच्याही आला असणार. मुलगा म्हणाला, पुण्याला या, खर्च मी करतो. भाऊंनी साफ नाही म्हटलं. "माह्या पोटात गेलं ते माह्या पैशानं गेलं. काढाले बी माहेच लागतीन." विम्यात हे बसत नव्हतं, म्हणून त्यांनी घरात ठेवलेली तूर विकली. नागपूर इतकं जवळ असताना हैदराबाद कशाला, असं मी विचारलं, तर त्याचंही उत्तर तयार होतं. "नागपूरले गेलो तं अर्धा तालुका डबे घेऊन भेटाले येते. हैदराबादले कोन येते?"

हैदराबादच्या दवाखान्याने फोनवर बजावलं होतं की ऑपरेशनच्या आधीचे पंधरा दिवस फक्त पातळ पदार्थ घ्यायचे. वहिनींनी ते कागदावर लिहून देवघरात लावलं. पण भाऊंच्या पोटाला आता कायमचं कुलूप लागणार ही बातमी गावात फुटली होती, आणि नवरदेवाला लग्नाआधी घरोघर केळवणाला बोलावतात तसं गावाने भाऊंचं केळवण सुरू केलं. "मांगून तं काही खाता येनार नाही भाऊ, आता नाही म्हनू नोका," असं म्हणत पहिल्या दिवशी शेजारी आले, दुसऱ्या दिवशी सरपंच, तिसऱ्या दिवशी देवळाचे पुजारी. बंजारा तांड्यावरच्या नायकांनी बोकड कापला. केळवण नाकारणं आमच्याकडे अपशकुन समजतात, आणि भाऊ शकुन-अपशकुनाच्या बाबतीत, विशेषतः त्यात जेवण असेल तर, फार काटेकोर. मे महिना होता. घरोघर आमरस आणि त्यासोबत काडीवर वळलेल्या शेवयांसारखे सरगुंडे. मी देवघरातल्या कागदाची आठवण दिली तर म्हणाले, "रस पातळच आस्ते न मास्तर? कढी पातळ, वरण पातळ. अन् पातळासंगं जे जाते ते बी आतमंदी जाऊन पातळच होते." शेवटच्या दिवशी दोन केळवणं एकाच वेळी आली. त्यांनी दोन्हीकडे मान राखला.

शाळेला सुट्ट्या होत्या, म्हणून मी सोबत गेलो. भाऊ, वहिनी आणि मी असे हैदराबादला पोचलो. तिथल्या डॉक्टरीणबाई चणीने लहान पण नजरेने जबर होत्या. त्यांनी भाऊंना काट्यावर उभं केलं, फोनवर कळवलेलं वजन पाहिलं, काट्यावरचं पाहिलं, आणि विचारलं, "लिक्विड डाइट किया था?"

"किया न मॅडम," भाऊ म्हणाले. "रस पिया."

"किस का रस?"

"आम का."

"कितना?"

भाऊ खोटं कधी बोलत नसत. त्यांनी दोन्ही हातांनी बादलीचा आकार दाखवला. बाईंनी पेन खाली ठेवलं. वजन सात किलोने वाढलं होतं. यकृत सुजलेलं, अशात पोटाला हात लावता येणार नाही, आणखी पंधरा दिवस इथेच राहायचं, माझ्या डोळ्यांसमोर, नाहीतर गावाला परत जा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मला वाटलं, आता हे परत फिरणार. पण भाऊ मान खाली घालून म्हणाले, "राहेंगे मॅडम. चुक हमारीच है."

दवाखान्यामागच्या गल्लीत एक खोली घेतली आणि ते पंधरा दिवस मी जन्मात विसरणार नाही. खालीच बिर्याणीचं हॉटेल होतं. भाऊ खिडकीशी बसून वाटीतलं डाळीचं पाणी पीत आणि वासावरून सांगत, "आज लवंग जास्त पडली त्याइची." पण एक घास त्यांनी तोंडात घातला नाही. कोणी येणार नाही म्हणून इतक्या लांब आलेल्या भाऊंना गावाने तिथेही सोडलं नव्हतं. आमच्या गावातला एक ट्रकवाला नागपूर-हैदराबाद रस्त्यावर गाडी चालवतो. तो एके दिवशी सकाळी दारात उभा राहिला आणि चार पुडाचा डबा पुढे केला. "पूर्ण गल्लीनं देल्ला भाऊ. बाईमानसं म्हने, उपाशी मारून राह्यले तुमाले." आत रोडगे होते, वांग्याची भाजी होती, ठेचा होता. भाऊंनी एकेक कप्पा उघडून नाकाशी नेला आणि पुन्हा लावला. मग डबा घेऊन खाली गेले, इमारतीच्या म्हाताऱ्या वॉचमनला समोर बसवलं, रोडगा कुस्करून कसा खायचा ते दाखवलं, आणि तो संपवेपर्यंत शेजारच्या पायरीवर बसून राहिले. "और लो, शरमाओ मत," असं चाललं होतं. वर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "ठेचा लय तिखट केला यावक्ती."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हिरवा झगा घालून ते खाटेवर बसले होते. झग्याच्या नाड्या पाठीमागे पोचत नव्हत्या म्हणून वहिनींनी आपल्या पिशवीतली नाडी जोडून बांधली होती. भाऊंनी माझा हात धरला. "मास्तर, पोट कापाचं भेव नाही मले. मी जेवत नाही म्हनून लोकं बलावनं बंद करतीन, त्याचं भेव हाय. मंग मी कोन, सांगा बरं?" प्रश्न मास्तरला होता, उत्तर वहिनींनी दिलं. "माहे मालक," त्या म्हणाल्या आणि झग्याची गाठ आणखी घट्ट केली.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरचं राज्य औषधाच्या बाटलीच्या टोपणाचं. एक टोपण पाणी, पंधरा मिनिटं थांबून दुसरं टोपण. पंधरवड्याने आम्ही गावी परतलो, तर दवाखान्यात पथ्य सांगणाऱ्या बाईंचा हैदराबादहून दर आठवड्याला फोन येई. "अंकल, आज कितना खाया?" भाऊ सांगत, "दो चम्मच." "बहुत बढिया अंकल!" फोन ठेवून भाऊ माझ्याकडे बघत. "अख्खं पातेलं संपवलं तवा कोनी बढिया म्हनलं नाही, अन् दोन चमच्याले शाबासकी!" प्रत्येक घास तीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, गोळ्या जन्मभर घ्यायच्या, तीन-तीन महिन्यांनी हैदराबादला दाखवायला जायचं, हे सगळं त्यांनी निमूट केलं. केळवणाची भरपाई म्हणा हवं तर. घास चावताना ते ओठांतल्या ओठांत मोजत, आणि मध्येच कुणी काही विचारलं तर पुन्हा एकपासून सुरू करत. सदरे लोंबायला लागले, अंगठी बोटातून गळून दोनदा हौदात पडली, जीपवाले त्यांना मागच्या सीटवर तिघांत चौथे कोंबू लागले. वहिनींना मात्र कणीक कमी भिजवणं काही जमेना. "हाताले सवय हाय वो मास्तर," असं म्हणत त्या उरलेल्या पोळ्या माझ्या खोलीत आणून देत, त्यामुळे भाऊंचं काही वजन माझ्याकडे आलं आहे.

आणि भाऊंना ज्याची भीती वाटत होती तेच झालं. दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली. पत्रिका येत, पण मागून माणूस येऊन सांगे, "तुमी त्रास नोका घेऊ भाऊ, वैनीले पाठवा." सगळे मायेपोटीच बोलत. उपाशी माणसासमोर पान कसं वाढायचं, असं त्यांना वाटे. भाऊ हसून हो म्हणत आणि संध्याकाळी ओट्यावर बसून लांबून येणारा बँड ऐकत. चांगले चालत होते, साखर उतरली होती, झोपेत श्वास अडकत नव्हता, पण मी खोलीतून पाहायचो आणि मला वाटायचं, यांना तो डोंगर परत द्यावा.

गेल्या चैत्रात पुन्हा हनुमान जयंती आली. गावाने या खेपेला फार विचारपूर्वक तयारी केली होती. कडुनिंबाखाली चांगली लाकडी खुर्ची मांडली होती, तिच्यावर उशी, बाजूच्या स्टुलावर पेलाभर ताक. भाऊ आले. खुर्चीकडे त्यांनी पाहिलं, तिच्या पाठीवर आपली टोपी नीट अडकवली आणि चालत पंगतीपाशी गेले. आपल्या टोकाला उभे राहिले, गुडघ्यावर हात ठेवला आणि कुणाचाही हात न धरता खाली बसून मांडी घातली. सगळी पंगत बघत होती. बायकांच्या बाजूला वहिनींनी पदर तोंडाला लावला. वाढप्याला काय वाढावं कळेना, तेव्हा भाऊच म्हणाले, "वाढ न बावा, पाव रोडगा, अन् तुपाचा हात आखडू नोको."

माझ्या आणि त्यांच्या मध्ये गावात नव्याने बदलून आलेले ग्रामसेवक बसले होते. किडकिडीत माणूस, ओळख कुणाची नाही. दुसऱ्यांदा रोडगे आले तसा त्यांचा हात पानावर आडवा झाला. तो हात मी ओळखला. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते आपले तीस मोजत चावत होते. पाव रोडगा त्यांना अर्धा तास पुरला. सगळ्यांची जेवणं झाली, हात वाळले, पलीकडे दुसरी पंगत बसायला खोळंबली, आणि रीत म्हणजे रीत, कुणाला उठता येईना. एक-दोघांची चुळबुळ सुरू झाली तशी आवाज आला, "उठू नोका हो कोनी, मी जेऊन राह्यलो अजून!" हसण्याचा असा गलका झाला की देवळावरची कबुतरं उडाली. त्या गलक्यात भाऊ वाढप्याला म्हणाले, "सायबाच्या पानात टाक एक. मले जोडीदार नाही." ग्रामसेवकांनी इकडेतिकडे पाहिलं, मान खाली घातली आणि रोडगा कुस्करायला घेतला. मग आणखी अर्धा घेतला.

मी सहज वाकून भाऊंच्या पत्रावळीकडे पाहिलं. ती केव्हाचीच रिकामी होती. भाऊ संथपणे, ओठांतल्या ओठांत मोजत, तोंडात काही नसताना चावत होते, आणि डोळे शेजारच्या पानावर होते. तेव्हा माझ्या मनात आलं की मी तीन रोडगे खाल्ले त्या दिवशी, वीस वर्षांपूर्वी, त्यांचं पोट नक्की केव्हा भरलं होतं? हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. माझा हात केव्हाच वाळला होता. मी तसाच बसून राहिलो.